उसाची डबल ट्रॉली: दोषी फक्त ड्रायव्हरच का?

हिवाळ्यात रात्री नऊनंतर शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ अर्धा तास उभं राहून बघा. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 इथूनच नदी ओलांडतो. अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई. चारपदरी रस्त्यावरून कार, ट्रॅव्हल्स, कंटेनर सुसाट जातात. आणि त्यांच्यामध्येच, ताशी वीस-पंचवीसच्या वेगानं, एकामागं एक दोन ट्रॉल्या ओढत उसाचा ट्रॅक्टर चाललेला असतो. मागून दिवा दिसत नाही. दिसतो तो फक्त उसाचा काळा डोंगर, तोही अगदी जवळ गेल्यावर.

नदीच्या अलीकडं अंकुशनगरचा समर्थ साखर कारखाना, पलीकडं गढीचा जय भवानी. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं आणि गोदावरीच्या पाण्यानं हा पट्टा उसाचा झाला. यंदाचा गळीत हंगाम 1 नोव्हेंबर 2025 पासून सुरू झाला आणि तेव्हापासून या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग आहे. हंगाम आला की अपघाताच्या बातम्याही येतात. ट्रॉलीला मागून धडक, दुचाकीस्वार जागीच ठार. ट्रॉली उलटली, मजूर दबले. बातमीची शेवटची ओळ ठरलेली असते: चालकाविरुद्ध गुन्हा दाखल.

आम्हाला या शेवटच्या ओळीबद्दलच बोलायचं आहे. चालकाची चूक असते, नाही असं नाही. पण वीस टन ऊस दोन ट्रॉल्यांवर त्यानं एकट्यानं चढवलेला नसतो. तो वजन करून घेणारा, त्याचे पैसे देणारा, ते चालू देणारा, बघून न बघितल्यासारखं करणारा, हे सगळे कुठं जातात?

ओढणाऱ्यापेक्षा ओझं आठपट

आधी गणित समजून घेऊ. पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासच्या ट्रॅक्टरचं हेड स्वतः दोन ते अडीच टनांचं असतं. त्याच्यामागं दोन ट्रॉल्या आणि त्यांत मिळून पंधरा ते वीस टन, कधी त्याहूनही जास्त ऊस. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओझं सात-आठपट. सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर हे ओढतो, कारण त्याची ताकद कमी वेगात ओढण्यासाठीच बनवलेली आहे. म्हणून मालकाला वाटतं, "गाडी ओढतेय ना, मग अडचण काय?"

अडचण ओढण्यात नाही, थांबवण्यात आहे. बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक असतो तो मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांना बहुधा ब्रेकच नसतो, असला तरी जोडलेला नसतो. म्हणजे वीस टनांचं सगळं ओझं अडीच टनांच्या हेडच्या दोन चाकांनी थांबवायचं. उतारावर ब्रेक मारला की ट्रॉली थांबत नाही, ती हेडला पुढं ढकलते. त्या वेळी स्टिअरिंग थोडं जरी वळलेलं असलं तर हेड आडवं होतं आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. जुने ड्रायव्हर म्हणून तर उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकतात, उतारावर क्लच दाबत नाहीत आणि गाडी न्यूट्रल करत नाहीत. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारा जिवाशी खेळत असतो. आणि वेग दीडपट झाला, वीसचा तीस झाला, तर ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतं.

चढावर उलटं होतं. मागं ओढ इतकी असते की हेडचं नाक उचलतं. पुढची चाकं रस्त्याला नीट टेकली नाहीत तर स्टिअरिंग फिरवून काय उपयोग? काही जण यावर उपाय म्हणून पुढं दगड किंवा लोखंडी वजन बांधतात. पण खरी गोष्ट हुकाच्या उंचीत आहे. हुक ठरलेल्या जागेपेक्षा वर घेतला, की ओढ वरून लागते आणि ट्रॅक्टर मागच्या बाजूला उलटण्याचा धोका वाढतो. त्यात ड्रायव्हर सीट आणि स्टिअरिंगमध्ये चेंगरतो, त्याला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

तिसरी गोष्ट डोलण्याची. ऊस हलका नाही आणि तो उंच रचला जातो. ओझं जितकं उंच, तितकी ट्रॉली लवकर कलंडते. स्पीडब्रेकरवर एक चाक आधी चढलं, साईडपट्टीवरून एक चाक खाली उतरलं, वळणावर वेग थोडा जास्त राहिला, एवढं पुरेसं असतं. पहिली ट्रॉली थोडी डोलली तर दुसरी जास्त डोलते. शेतातून डांबरी रस्त्यावर येताना जो चढाव असतो, तिथं मोळ्या सरकतात आणि सगळा भार एका बाजूला जातो. दोर नीट आवळलेला नसेल तर पुढच्या दहा किलोमीटरमध्ये कुठंही ट्रॉली पलटी होऊ शकते. शेजारून जो जात असेल त्याचं नशीब.

आणि त्या ट्रॉलीवर वर कोण बसलेलं असतं? ऊसतोडीचं कुटुंब. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या दरवर्षी निघतात. भांडीकुंडी, लेकरं, शेळी, सगळं ट्रॉलीत. एका फडातून दुसऱ्या फडात जाताना बायका आणि लहान मुलं मोळ्यांवरच बसतात. ट्रॉली माणसांसाठी नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुसरी सोय कुणी केलेली नसते.

अंधारातले तीन सेकंद

आता मागून येणाऱ्याच्या जागी बसून बघू. कार ताशी शंभरनं चालली आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. ट्रॅक्टर ताशी पंचवीसनं, म्हणजे सेकंदाला 7 मीटर. दोघांतलं अंतर दर सेकंदाला सुमारे 21 मीटरनं कमी होतं. समोरून गाड्या येत आहेत म्हणून कारवाल्यानं डिपर खाली केला आहे, त्यात त्याला पन्नास-साठ मीटरपर्यंतच नीट दिसतं. ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. म्हणजे ट्रॉली दिसल्यापासून धडकेपर्यंत त्याच्याकडं तीन सेकंदही नाहीत. त्यातला सव्वा-दीड सेकंद तर "समोर काय आहे" हे कळण्यातच जातो. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असेल, तर हाच वेळ दोन सेकंदांवर येतो. शंभरच्या वेगातली कार पूर्ण थांबायला सुमारे शंभर मीटर लागतात.

कारवाल्यानं वेग कमी ठेवायला हवा, हे खरंच आहे. पण ट्रॉलीच्या मागं चांगलं रेडियम लावलेलं असेल तर तीच ट्रॉली दीड-दोनशे मीटरवरून चमकते. तीन सेकंदांचे सात-आठ सेकंद होतात. एका माणसाचं मरण आणि जगणं यांच्यात फरक आहे तो काहीशे रुपयांच्या चिकटपट्टीचा.

कायदा याबाबत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम ट्रेलरलाही मागच्या बाजूला दोन्हीकडं लाल रिफ्लेक्टर सक्तीचे करतात. दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना येतो, साहेब लोक येतात, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतानाचे फोटो येतात. काम चांगलं आहे, आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण हंगाम नोव्हेंबरला सुरू होतो आणि रिफ्लेक्टर जानेवारीत लागतात. शिवाय वाढ्यांसकट ऊस मागं लोंबत असतो, त्याखाली रिफ्लेक्टर आणि दिवा दोन्ही झाकले जातात. रेडियम ट्रॉलीच्या फळीवर असून भागत नाही, ते भरलेल्या ओझ्याच्या टोकाला दिसायला हवं.

देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली, हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. वर्षभर दर तासाला एकोणीस माणसं. धडकेच्या प्रकारांत मागून बसणारी धडक हा सर्वांत मोठ्या प्रकारांपैकी एक आहे. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे, कारण एवढ्या वेगाच्या रस्त्यावर इतकं संथ वाहन चालत नाही, हे सरकारला कळतं. मग 52 नंबरच्या चारपदरीवर तोच ट्रॅक्टर त्याच कारपुढं चालतो तेव्हा काय बदलतं? इथं त्याला दुसरा रस्ता नाही, एवढंच. शेत या बाजूला, कारखाना त्या बाजूला, मध्ये नदी आणि महामार्गाचा पूल.

पिकअपमागं बांधलेला मिक्सर

हा विषय फक्त उसाचा नाही. आपल्याकडं हल्ली पिकअप आणि मोठ्या जीपच्या मागंही बरंच काही ओढलं जातं. स्लॅबच्या कामाचा काँक्रीट मिक्सर, कॉम्प्रेसर, जनरेटर, कडबाकुट्टी, लग्नातला डीजेचा गाडा. हुक कुठल्या तरी गॅरेजमध्ये वेल्ड करून घेतलेला, पिनीच्या जागी सळईचा तुकडा, मागं दिवा नाही. यात आपली पोरं खूप आहेत, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली, पिकअपच्या पाट्यावर लिहिलेलं वजन हे तिनं पाठीवर वाहायचं वजन आहे, मागं ओढायचं नाही. किती ओढता येईल हे कंपनीच्या पुस्तकात दिलं असेल तेवढंच ओढायचं. दिलंच नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी बनवलेली नाही असं धरून चालायचं. युरोपात 750 किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असावाच लागतो. आपला मिक्सर अनेकदा त्याहून जड असतो, आणि ब्रेक त्याला नसतो.

दुसरी, ट्रेलरमधलं ओझं थोडं पुढं झुकलेलं हवं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा, असा एक ठोकताळा आहे. ओझं मागं गेलं की ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडं झुलायला लागतो. असं झुलणं सुरू झालं की घाबरून जोरात ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. ॲक्सिलेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. हुकाशिवाय दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींवरून तिरक्या बांधायच्या, म्हणजे पिन निसटली तरी दांडा रस्त्यात रुतत नाही, साखळ्यांवर झेलला जातो. आणि पिनीला खिट्टी. पाच-दहा रुपयांची खिट्टी नसल्यानं सुटलेला ट्रेलर समोरच्या मोटारसायकलवर जातो, तेव्हा तो कुणाच्या हातात राहत नाही.

आपल्यातली कितीतरी मुलं सौदी, दुबई, कतारला ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत. सुट्टीवर आली की तीच सांगतात, तिथं गाडी यार्डातून निघण्याआधी टायर, दिवे, साखळ्या तपासून सही करावी लागते. तीच मुलं गावात आल्यावर विनादिव्याची ट्रॉली चालवतात. माणूस तोच असतो, फक्त इथं विचारणारं कुणी नसतं.

काट्याची पावती काय सांगते

आता मुख्य मुद्दा. महामार्गावर ओव्हरलोड पकडणं अवघड असतं, वजनकाटा नसतो, माणसं कमी असतात, असं सांगितलं जातं. ट्रकच्या बाबतीत हे एक वेळ मान्य करू. पण उसाची प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर वजन होऊनच आत जाते. भरलेली गाडी किती, रिकामी किती, निव्वळ ऊस किती, सगळं नोंदलं जातं. त्या पावतीवरच शेतकऱ्याला उसाचे पैसे आणि वाहतूकदाराला वाहतुकीचे पैसे मिळतात. ट्रॉलीच्या नोंदणी पुस्तकात तिचं मान्य वजनही लिहिलेलं असतं. म्हणजे कोणती ट्रॉली किती ओव्हरलोड होती, याचा पुरावा रोज, प्रत्येक खेपेला तयार होतो. तो शोधायला कुणी रात्री नाकाबंदी करायची गरज नाही. फक्त दोन कागद शेजारी ठेवायचे आहेत.

मोटार वाहन कायद्याचं कलम 194 सांगतं की ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल नेला तर 20 हजार रुपये दंड, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2 हजार. सहा टन जास्त असेल तर एका खेपेचा दंड 32 हजार होतो. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढं जाऊ द्यायची नाही, हेही त्यातच आहे. माल गाडीच्या बाहेर, बाजूला, मागं किंवा मान्य उंचीच्या वर जात असेल तर त्यालाही वेगळा 20 हजारांचा दंड आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हे कलम फक्त चालवणाऱ्यापुरतं नाही. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही त्यात येतो.

मग "चालवू देणारा" कोण? ट्रॅक्टर मालक तर आहेच. पण ओव्हरलोड ट्रॉलीचं रोज वजन करून, तिचे पैसे मोजून, उद्याच्या खेपेची वाट बघणारी यंत्रणाही त्यात मोडत नाही का? आम्ही कोणत्याही एका कारखान्याचं नाव घेत नाही, कारण ही पद्धत महाराष्ट्रातल्या साखर पट्ट्यात सगळीकडं सारखीच आहे. पण हा प्रश्न साखर आयुक्तालय आणि परिवहन विभाग यांनी एका टेबलावर बसून सोडवायचा आहे, आणि तो एकट्या वाहतूक पोलिसावर ढकलून सुटणार नाही.

ट्रॅक्टरवाल्याचीही बाजू आहे

दंड वाढवा, ट्रॉल्या जप्त करा, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. ट्रॅक्टरवाल्याचं ऐकून घ्या. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला. टोळीला उचल दिलेली. मुकादम पळाला तर ती उचलही बुडते. पैसे मिळतात टनावर आणि अंतरावर. एका खेपेत जितके टन जास्त, तितका डिझेलचा खर्च टनामागं कमी. कारखान्यावर गेल्यावर नंबर लागायला कधी सहा तास, कधी अख्खी रात्र. दिवसातून एकच खेप होत असेल तर माणूस त्या एका खेपेतच सगळं भरतो. म्हणजे ओव्हरलोड हा हावरेपणा आहेच, पण तो भावाच्या पद्धतीनं शिकवलेला हावरेपणा आहे.

शेतकऱ्याचीही घाई समजण्यासारखी आहे. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनं मराठवाड्याचं कंबरडं मोडलं. उभा ऊस लवकर गेला तर दोन पैसे लवकर हातात येतात, तोडलेला ऊस वाळला तर वजन घटतं. यंदाचा एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागं 3,550 रुपये आहे आणि त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. म्हणजे वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच खिशातून जातो. त्यामुळं वाहतूक सुरक्षित करायची असेल तर "खर्च कोण करणार" हा प्रश्न टाळून चालणार नाही.

आम्हाला दिसणारा मार्ग असा. उसाचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण वजनाचे मिळावेत, त्याला शिक्षा नको. पण वाहतुकीचं भाडं ट्रॉलीच्या मान्य वजनापर्यंतच मिळावं. वरच्या टनांना भाडं शून्य. ज्या दिवशी जास्तीच्या टनाला पैसा मिळणं बंद होईल, त्या दिवशी तो टन फडातच राहील. बदल्यात मान्य वजनाचा दर थोडा वाढवावा लागेल आणि गव्हाणीसमोरची रांग कमी करावी लागेल, म्हणजे एका खेपेच्या जागी दोन खेपा होतील. ऊसतोडीची चिठ्ठी वेळेनुसार दिली तर हे जमण्यासारखं आहे. वाढलेल्या दराचा बोजा एकट्या शेतकऱ्यावर न टाकता कारखान्यानंही उचलावा, कारण घाई त्याचीही आहे.

आणि गेटवर चार गोष्टी बघितल्याशिवाय ट्रॉली परत सोडू नये: मागचा दिवा, रिफ्लेक्टर, पिन-खिट्टी-साखळी, टायर. वॉचमन गेटवर उभा असतोच. त्याला एक टॉर्च आणि एक वही दिली की झालं.

दीन आपल्याला काय शिकवतो

काही जण म्हणतील, ट्रॉली आणि दीन यांचा काय संबंध? संबंध थेट आहे. रस्त्यावरून त्रासदायक वस्तू दूर करणं ही ईमानची एक शाखा आहे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवलं. लहानपणी मदरशात आपण हे पाठ केलं आणि त्याचा अर्थ काटा-दगड उचलण्यापुरता ठेवला. रात्री बंद पडलेली, दिवा नसलेली ट्रॉली महामार्गावर सोडून घरी झोपायला जाणं, हे काटा टाकण्यापेक्षा किती मोठं आहे याचा विचार करावा.

अबू दाऊदमध्ये उंटाचा प्रसंग येतो. एका अन्सारी सहाबींच्या बागेत प्रेषित (स.) गेले, तिथला उंट त्यांना बघून रडला. त्यांनी मालकाला बोलावून विचारलं की ज्या जनावराचा अल्लाहनं तुला मालक केलं, त्याच्याबाबत तुला अल्लाहचं भय वाटत नाही का? तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस, ही त्या उंटाची तक्रार होती. हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल रिवायत आहे की दूर इराकमध्ये एखादं जनावर रस्त्यात ठेचकाळलं तरी त्याचा रस्ता नीट का केला नाही, असं आपल्याला विचारलं जाईल याची त्यांना भीती वाटायची. रस्त्याची जबाबदारी सत्तेवर बसलेल्याची आहे, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

पुढं इस्लामी राज्यव्यवस्थेत हिस्बा नावाचं खातंच झालं. इमाम मावर्दी (मृत्यू इ.स. 1058) यांनी राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात मुहतसिबची कामं सांगितली आहेत. नावेत तिला पेलणार नाही इतका माल भरू न देणं आणि जनावरावर त्याच्या ताकदीबाहेर ओझं लादू न देणं ही त्यातलीच कामं. म्हणजे ओव्हरलोड रोखणारा अधिकारी ही आपल्या इतिहासातली जुनी गोष्ट आहे. आणि तो नावाड्याला बुडाल्यावर पकडत नव्हता, किनाऱ्यावर माल भरतानाच अडवत होता. आजचा किनारा म्हणजे फड आणि काटा.

इथं आपल्या समाजाला एक गोष्ट स्वतःला विचारावी लागेल. शहागड, वडीगोद्री, अंबड, गेवराई या भागात फिरून बघा. हुक वेल्ड करणारे, ट्रॉली बनवणारे, टायर आणि पंक्चरवाले, रेडियमची दुकानं, ड्रायव्हर, यांत आपली माणसं भरपूर आहेत. ज्या हुकावर वीस टन लटकणार आहे त्याचं वेल्डिंग म्हणजे अमानत आहे. "गिऱ्हाईकानं स्वस्तात मागितलं" हे उत्तर दुनियेत चालेल, आखिरतमध्ये नाही. तडा गेलेला दांडा वरून रंग मारून देणारा मिस्त्री आणि पेल्यात भेसळ करणारा दूधवाला यांत फरक काय? हे हुकूकुल इबाद आहेत, बंद्यांचे हक्क. ते बंद्यानं माफ केल्याशिवाय सुटत नाहीत, आणि मेलेला बंदा माफ करायला येत नाही.

आपण काय करू शकतो

सरकार आणि कारखाने करतील तेव्हा करतील. गावपातळीवर लगेच होण्यासारखं बरंच आहे. जुम्याच्या खुतब्यात इमाम साहेबांनी पाच मिनिटं या विषयावर बोलावं. मशीद कमिटी आणि तरुणांनी मिळून रेडियमचे रोल आणावेत आणि ट्रॉली कुणाची हे न विचारता लावावेत. हिंदू शेतकरी, मुस्लिम ड्रायव्हर, बंजारा मजूर, रस्ता कुणाची जात बघत नाही. लोंबणाऱ्या उसाच्या टोकाला बांधायला रेडियम लावलेली फळी किंवा पोतं बनवून ड्रायव्हरला दिलं तर फळीवरचं झाकलेलं रेडियम हा प्रश्नच सुटतो. ट्रॉली बंद पडली तर मागं पन्नास पावलांवर त्रिकोण किंवा फांदी तरी ठेवायची, पण वाहन दुरुस्त झाल्यावर ती आठवणीनं उचलायची. दगड ठेवून तो तिथंच सोडून जाणं म्हणजे पुढच्या मोटारसायकलवाल्यासाठी खड्डा खणणं.

फेब्रुवारीत रमजान सुरू होतोय आणि हंगाम तेव्हाही चालूच असणार. रोजा असलेला ड्रायव्हर असरनंतर थकलेला असतो, इफ्तारला घर गाठायची घाई असते, सेहरीनंतर डोळे मिटतात. गाडी बाजूला लावून दोन खजूर आणि पाण्यावर रोजा सोडता येतो. महामार्गालगतच्या गावांनी ट्रॉलीवाल्यांसाठी रस्त्यापासून आत, मोकळ्या जागेत इफ्तारची सोय केली, तर सवाबही मिळेल आणि गाड्याही रस्त्यात उभ्या राहणार नाहीत.

अपघात झालाच तर

आपल्याकडं लोक जखमीला हात लावायला घाबरतात, "पोलिसांचं लफडं नको". मोटार वाहन कायद्याचं कलम 134 अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, त्याच्यावर केस होत नाही. 108 वर रुग्णवाहिका, 112 वर पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर 1033. मे 2025 पासून केंद्राची योजना आहे, त्यात अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार कॅशलेस मिळतात. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही आणि माणूस गेला, तर वारसांना 2 लाखांची भरपाई आहे. मृत व्यक्ती शेतकरी कुटुंबातली असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात अनुदान योजनेतून 2 लाख मिळतात. मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा सहा महिन्यांच्या आत करावा, हे अनेक घरांना दुःखात आठवत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनीही एक लक्षात ठेवावं. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा असतो. शेतीसाठी म्हणून उतरवलेल्या विम्यावर भाड्यानं ऊस वाहिला, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईसाठी जमीन विकायची वेळ येते. हंगामाआधी एजंटला नव्हे, पॉलिसीच्या कागदाला विचारा.

शेवटी पुन्हा त्या ओळीकडं येतो: चालकाविरुद्ध गुन्हा दाखल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ड्रायव्हर दोषी असेल तर त्याला ती व्हावी. पण त्याच फाइलमध्ये त्या खेपेची आणि आधीच्या दहा खेपांची काट्याची पावतीही लागावी, एवढीच आमची मागणी आहे. ती पावती लागली की ट्रॉली कुणी भरली, कुणी मोजली आणि कुणी चालू दिली, हे कोर्टासमोर आपोआप येईल. एका निरपराधाचा जीव वाचवणं म्हणजे साऱ्या माणुसकीला वाचवणं, ही कुरआनची शिकवण आपण सभांमध्ये नेहमी सांगतो. शहागडच्या पुलावर ती आचरणात आणायची संधी रोज रात्री समोरून, दिवा न लावता, हळूहळू जात असते.